एका बाजूला वळलेली फुलं

४ मार्च

ताई, नमस्कार.

काल फोन केला होता. तुम्ही उचललात, दोनदा "कोण?" म्हणालात आणि ठेवून दिलात. म्हणून आता कागद घेऊन बसले.

तुमच्या भावाचं आधी सांगते. डिसेंबरात अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, उजवा पाय आधी सुटेल, हात मागून. पाय सुटला. काठी घेऊन मोरीपर्यंत जातात. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहतो, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. बोलणं स्पष्ट आहे, पण बोलत नाहीत.

कारखाना मी उघडते. रोजचे वाफेवरचे पांढरे बन निघतात. पीठ आणि वाफ मला वीस वर्षं माहीत आहे. फुलांच्या आकाराचे बन, आपली फुलं, ती बंद आहेत, आणि गिऱ्हाईक यायचं ते फुलांसाठीच. साधा बन काय, कोपऱ्यावरही मिळतो. शेजारचा चष्मेवाला परत येऊन गेला. त्याला मधली भिंत पाडून दुकान वाढवायचंय. जागा तुम्हा दोघा भावंडांच्या नावावर आहे हे त्याला पाठ आहे. म्हणाला, "ताईंची सही झाली की झालं." एप्रिलअखेर उत्तर हवंय त्याला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई म्हणेल ते," आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यातच परवा वाचनालयाच्या बाई आल्या. मे महिन्यात वाचनालयाला पन्नास वर्षं होतायत. उद्घाटनाला मामंजींनी फुलांचे बन केले होते म्हणे. तसेच हवेत, फळांच्या रंगाचे, बाटलीतल्या रंगाचे नकोत. मी हो म्हणून बसले. कोणाला विचारलं नाही. तोंडातून निघून गेलं, आता गिळता येत नाही.

मला फूल येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मामंजींनी ते पोटच्या पोरांनाच शिकवलं. सुनेने पीठ मळायचं, वाफ सांभाळायची, फुलांच्या टेबलाला हात लावायचा नाही. मी कधी तक्रार केली नाही, कारण फुलं करणारे घरात होते. आता तुम्ही एकट्या उरलात. मला शिकवा. कारखाना बंद व्हायला नकोय मला, हे सरळच लिहिते. तो चालू राहिला तर ह्यांचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. बंद झाला तर काय होईल ते सांगू शकते.

तुमची
वहिनी

११ मार्च

वहिनी,

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं पटत नाही. पत्रच बरं.

माझं मत ऐकून घे. विकावं. धाकट्याचा हात गेला, आणि फूल हाताने होतं, काठीने होत नाही. मी इथे लेकीकडे, माझ्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. राहिलीस तू. वीस वर्षं वाफेसमोर काढलेली बाई महिन्याभरात फूल करणार म्हणजे पी हळद आणि हो गोरी. पण तू हो म्हणून बसलीस, आणि तेही बाबांच्या नावावर. तेव्हा आता उंटावरून शेळ्या हाकते.

पीठ मळताना पाण्याच्या जागी फळाचा रस घालायचा. गुलाबीला डाळिंब, रस निम्मा होईपर्यंत आटवून, पूर्ण गार करून. जांभळ्याला तुती. पिवळ्याला पिकलेली पपई, चाळणीतून घासून. पांढरं आपलं दुधात.

मग फूल. बोटाच्या पेराएवढी कळी वळायची आणि डाव्या हातात धरायची. पाकळीसाठी बोराएवढी गोळी घेऊन अंगठ्याने दाबायची, कड पातळ, पोट जाड. उजव्या हाताने एकेक पाकळी लावत जायचं. प्रत्येकीने आधीच्या पाकळीची कड झाकली पाहिजे. जोरात दाबलंस तर वाफेवर उमलत नाही, हलकं लावलंस तर गळून पडते. मधलं काय ते हाताला कळतं, मी लिहून कळणार नाही.

बाबांचा नियम एकच होता आणि त्यावर ते कोणाचं ऐकत नसत. ट्रेमधली सगळी फुलं एका बाजूला वळलेली हवीत, म्हणजे पाकळ्यांचा फेर सगळ्यांत एकाच दिशेने. एक जरी उलट वळलं तरी बघणाऱ्याला खटकतं, का खटकलं ते त्याला सांगता येत नसलं तरी. एकदा एक डावखुरा कारागीर ठेवला होता. त्याची फुलं आमच्यात मिसळली तेव्हा बाबांनी अख्खा ट्रे मोडून पुन्हा मळायला लावला. बिचारा दुसऱ्या बेकरीत गेला, पुढे मालक झाला म्हणे. तू उजव्या हाताची आहेस, एवढं तरी बरं.

धाकट्याला एक खोड आहे. शेवटच्या पाकळीची कड बाहेर वळवून तिला चिमटा काढतो. बाबांनी त्यापायी धपाटे घातले, पण गेली नाही. तू ती उचलू नकोस.

आता ठरावाचं. एप्रिल संपायच्या आत मला डबाभर फुलं पाठव. बाबांच्या ट्रेत शोभतील अशी असली तर चष्मेवाल्याला नाही सांगते. नसली तर सही करते, आणि मग तू रडायचं नाहीस.

ताई

२२ मार्च

ताई,

फुलं केली. फुलं म्हणायचं आपलं, दिसायला कोबी आहेत. ते मी सुधारेन. पण रंगाचं काय झालं ते मला उमजत नाहीये.

तुतीचं पीठ इतकं सुरेख जांभळं झालं होतं की ट्रे खिडकीत ठेवून बघत बसले. वाफेवरून उतरवते तर सगळी फुलं राखाडी-निळी, दवाखान्याच्या भिंतीसारखी. डाळिंबाची मातकट. पपईची तेवढी जशीच्या तशी. चष्मेवाला बन घ्यायला आला होता. त्याने चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, बुरशी आहे का?" दोन विकत घेऊन गेला, का ते माहीत नाही. जागेची पाहणी करायला आला असेल.

कुठे चुकलं? रस ताजा होता, आटवला होता, गार केला होता. पीठ रोजच्यासारखंच मळलं.

ह्यांना मुद्दाम दाखवलं नाही. ट्रे घेऊन खोलीवरून गेले तेव्हा नजरेस पडला असेल. जेवताना अचानक म्हणाले, "कळी फार मोठी घेतेस." मी पुढे काही विचारलं तर ताटात लक्ष घातलं. पण भिंतीकडे वळले नाहीत.

वहिनी

२९ मार्च

वहिनी,

"रोजच्यासारखंच मळलं." तिथेच माशी शिंकली.

रोजच्या पांढऱ्या पिठात तू चिमूटभर सोडा टाकतेस, आंबटपणा मारायला. इतकी वर्षं टाकतेयस की हात आता तुला विचारतही नसेल. फळाच्या रंगाचं आणि सोड्याचं वैर आहे. तुती निळी पडते, डाळिंब मळकट होतं. पपईला सोड्याचं सुखदुःख नाही. फुलांचं पीठ बाबा वेगळं मळायचे, तुला कोणी जवळ उभंसुद्धा केलं नाही, मग कळणार कसं? सोडा बंद कर. रसात लिंबू पिळ. पीठ कमी फुगव, म्हणजे आंबट व्हायचा प्रश्नच येणार नाही.

धाकटा बोलला हे वाचून मला फार बरं वाटलं. मग तितकंच वाईट वाटलं. सगळ्या बाजाराने नावाजलेला हात त्याचा, आणि त्याने मांडी घालून आता दुसऱ्याचे कोबी बघायचे. त्याला दाखवत जाऊ नकोस. त्याच्या समोरून ट्रेसुद्धा नेऊ नकोस. जखमेवर मीठ कशाला?

ताई

५ एप्रिल

ताई,

सोडा बंद केला आणि रंग टिकला. जांभळा जांभळाच राहिला. डाळिंबाचा फिका येतो, पण गुलाबी म्हणण्यासारखा आहे. चष्मेवाल्याला नेऊन दाखवला. म्हणाला, "हां, आता दिसतंय." त्याचा चेहरा जरा पडला असं मला वाटलं, कदाचित मनाचे खेळ असतील.

माझ्या हाताचं म्हणाल तर कोबीची पानं आता जरा पातळ झालीत.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. कळी हातात न धरता दुसऱ्या कशात ठेवली तर बिघडतं का? आणि फुलं वळायची ती अमुकच बाजूला वळली पाहिजेत, असं मामंजी म्हणायचे का? की नुसती सगळी एकाच बाजूला?

ह्यांचं ठीक आहे. हल्ली खोलीत कमी असतात.

वहिनी

१२ एप्रिल

वहिनी,

कळी हातातच धरायची. कशात ठेवायची म्हणजे काय, ती काय अंडं आहे? आणि बाजूचा तुझा प्रश्न मला समजला नाही. एका बाजूला म्हणजे एका बाजूला. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत दिसते.

आता दुसरं. आमची चुलत बहीण, जिला आम्ही लहानपणापासून बातमीपत्र म्हणतो, ती परवा तुमच्याकडे येऊन गेली. तिने सगळं लिहून कळवलं. तू तिला दारातूनच वाटेला लावलंस. पाणीसुद्धा विचारलं नाहीस. ते सोड, तिला मीही कधीकधी विचारत नाही. पण तिला दारातून जे दिसलं ते वाचून माझं डोकं फिरलं. धाकटा कारखान्यात टेबलाच्या टोकाशी मान खाली घालून बसला होता. समोर एक कप. तू पाठमोरी, वाफेशी. ती बराच वेळ उभी होती, तेवढ्यात त्याने कप उचलला नाही की तू त्याच्याकडे वळून बघितलं नाहीस. ज्या टेबलावर तो राजा होता, तिथे त्याला थंड चहा देऊन पाहुण्यासारखा बसवतेस, आणि स्वतः फुलं करतेस. मी काय लिहिलं होतं तुला? त्याला दाखवू नकोस म्हणून. तू तर त्याला रोज तिथेच नेऊन बसवतेस.

कारखाना वाचवायच्या नादात माझ्या भावाला कोपऱ्यात टाकणार असशील तर मला तो कारखाना नको. चष्मेवाल्याला मी सांगितलंय, आठवड्याभरात कळवते.

ताई

१८ एप्रिल

ताई,

पत्र दोनदा वाचलं. मग वाफेची सगळी भांडी काढून घासली, नसती घासली तरी चालली असती. लगेच उत्तर लिहिलं असतं तर आपलं नातं उरलं नसतं.

तुमच्या चुलत बहिणीला दारातून परत पाठवलं हे खरं. समोर कप होता हेही खरं. त्यात काय होतं ते बातमीपत्राने वाकून बघितलं नाही, इतकंच म्हणते. बाकी बोलायचं नाही असा मी शब्द दिलाय आणि तो मोडणार नाही. तुम्ही मला काय समजायचं ते समजा. वाईट वाटलं. वीस वर्षांनी असं वाटायला नको होतं.

सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे डबा दिलाय. ओलं फडकं वर घातलंय, पोचल्यावर फुलांना थोडी वाफ द्या. फुलं बघून ठरवा. माझ्यावरचा राग डब्याबाहेर ठेवा. कोणाची कीव येत असेल तर तीही बाहेर ठेवा. चांगली नसली तर खुशाल सही करा. रडायचं नाही असं ठरलंय, ते माझ्या लक्षात आहे.

वहिनी

२१ एप्रिल

वहिनी,

डबा पोचला. लेकीने उघडला. पहिल्यांदा काय दिसलं असेल तर हे, की फुलं उलट वळलीत. सगळीच्या सगळी. आमच्या घरात अशी फुलं कधी झाली नाहीत. मी लेकीला म्हटलं, झाकण लाव, झालं बघून. उजव्या हाताची बाई असून तू फुलं उलटी केलीस, म्हणजे माझं एक पत्र तू धड वाचलेलं नाहीस, असं मला वाटलं. झाकण लावता लावता लेक म्हणाली, "आई, पण सारखी किती आहेत गं." मग मी चष्मा लावला.

एक जांभळं उचललं. शेवटच्या पाकळीची कड बाहेर वळलेली आणि तिला चिमटा काढलेला. दुसरं उचललं, तेच. पपईचं उचललं, तेच. तो चिमटा मला साठ फुलांतून ओळखता येतो. तो शिकवून येत नाही. आला असता तर बाबांनी मला शिकवला नसता का, त्यांना मनातून तो आवडायचा.

फूल पालथं केलं. बुडाला पुसटसा गोल वळ होता, कपाच्या तळाचा.

मी खाली बसले. लेक घाबरली, तिला वाटलं गुडघा. कळी कपात ठेवतो तो. उजवा हात कपाला नुसता टेकवलेला, कप सरकू नये एवढ्यासाठी. पाकळ्या डावा हात लावतो, आणि डाव्या हाताने लावल्या की फूल दुसरीकडेच वळणार. तू मला दोन प्रश्न विचारले होतेस ना, ते तुझे नव्हते. आणि मी तुला थंड चहाचं लिहिलं. मी चुकले. हे वाक्य वेगळ्या ओळीत लिहायला मला जड जातंय, म्हणून मध्येच घुसवलं आहे, पण ते वाच. त्याला टेबलापाशी नेलंस म्हणून तो भिंतीकडून वळला. मी सांगितलं तसं वागली असतीस तर अजून तिथेच असता.

आता तू म्हणालीस तशी कीव बाहेर ठेवते आणि फुलं फुलं म्हणून बघते. तुतीची दोन चपटी बसलीत. झाकण घाईने काढलंस, ते तुझं खातं आहे, लक्ष दे. डाळिंब अजून आटव. बाकी बाबांनी पास केली असती. सगळी एका बाजूला वळलेली हवीत एवढाच नियम होता, आणि सगळी वळलीत. कोणती बाजू ते बाबा कधी बोलले नव्हते. आम्ही आपलं धरून चाललो होतो.

चष्मेवाल्याला नाही म्हणून सांगितलं. तो फोनवर म्हणाला, पुन्हा एकदा विचार करा. मी म्हटलं, मला फोनवर ऐकू येत नाही.

वाचनालयाची एवढी फुलं एका हाताने होणार नाहीत. मेच्या सुरुवातीला मी येते. गुडघ्यांना कळवलंय. पण माझी फुलं जुन्या बाजूला वळतात आणि ती त्याच्या ट्रेत मिसळून चालणार नाहीत. म्हणून कालपासून लेकीच्या ओट्यावर मैदा घेऊन बसते आणि डाव्या हाताने करते. पहिलं फूल कोबी झालं. दुसरं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. धाकट्याला यातलं बोलू नकोस.

ताई

२६ एप्रिल

ताई,

बोलले. एक गोष्ट लपवली तेवढी मला आयुष्याला पुरली.

ह्यांनीच शब्द घेतला होता. म्हणाले, "मी करतोय हे ताईला कळलं तर ती डोळे मिटून पास करेल. तसं नको." तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. बाबांनी पास केली असती, तिथे मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. डाव्या हाताने बसते, तिथे आले तेव्हा डिसेंबरनंतर पहिल्यांदा हसले. मग बराच वेळ डोळे पुसत होते. मी वाफेकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे त्यांना बरं पडतं.

चपट्या फुलांचं माझ्या लक्षात आहे. झाकण आता धीराने काढते. आणि आल्यावर माझे कोबीही एकदा बघा. मी तेही उलट वळायला लागले आहे.

खालचं त्यांनी स्वतः डाव्या हाताने लिहिलंय, अक्षर लागेल तसं लावून घ्या.

ताई, ये. तुझ्यासाठी कप आणून ठेवलाय. चहा वेगळा मिळेल.